बुटक्या मजल्यावरची खिडकी

"बंधू बांधी घर, घराला खिडक्या बारा,
एका खिडकीचा वारा, बहिणीला…"

तांदूळ निवडताना अक्का हे म्हणायची. आवाज मोठा नव्हता तिचा. कण्यांसारखा बारीक, आणि मधेच खडा लागल्यासारखा थांबणारा. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीला खिडकी एकच होती, तीही मागच्या गल्लीवर उघडणारी. लहानगा दशरथ तिच्या मांडीला टेकून विचारायचा, "अक्का, बारा म्हंजे किती गं?" सुपातला हात न थांबवता ती म्हणायची, "तू बांधशील तवा मोज."

पुढे दशरथनं खिडक्या बांधल्या. हजारोंनी बांधल्या. नखाएवढ्या.

दशरथ पांचाळ इमारतींची मॉडेलं बनवायचा. जी इमारत अजून उभी राहायची आहे ती पुठ्ठ्यात, लाकडात, अॅक्रिलिकमध्ये आधीच उभी करायची. दारं, कठडे, झाडं, सगळं मापात. वडील सीताराम पांचाळ सुतार होते. त्यांच्या हातातली पटाशी मुलाच्या हातात येईपर्यंत सर्जिकल ब्लेड झाली, फरक म्हटला तर तेवढाच. फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अर्धं आयुष्य काढल्यावर त्यानं स्वतःचं काम सुरू केलं, चाळीतली खोली विकली आणि मीरा रोडला पेणकरपाड्यात तळमजल्यावर वन रूम किचन घेतलं. इमारतीमागं मिठागरं होती, पुढं चिखलाचा रस्ता. टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. पण दाराला आतून कडी होती. त्याच्या बायकोला, मनोरमाला, लग्नानंतर पहिल्यांदा ती कडी लावून झोपता आलं होतं.

कडीच्या आत अक्काला जागा नव्हती.

अक्का म्हणजे वासंती, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा दशरथ रांगत होता. त्याला तिनंच वाढवला. तिचं लग्न झालं, नवऱ्यानं वर्षाच्या आत परत आणून सोडली, आणि ती पुन्हा त्याच खोलीत, त्याच सुपापाशी येऊन बसली. दशरथचं लग्न झाल्यावर ती चाळीच्या गॅलरीत झोपायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. वळकटी उचलली आणि गेली.

खोली विकली तेव्हा दशरथनंच तिची सोय लावली. घोडबंदर रोडला चेणे गावात एका शेठचा बंगला होता, बंद असायचा. मागं पत्र्याची खोली, झाडांना पाणी घालायचं, बंगल्यावर नजर ठेवायची. "मोठं घर झालं की आणतो तुला," असं तो म्हणाला होता. मधूनमधून जाऊन यायचा. जाताना चहापत्ती न्यायचा, तिच्या मशेरीसाठी तंबाखू न्यायचा. तव्यावर तंबाखू भाजून, चुरून, ती सकाळ-संध्याकाळ दाताला लावायची. चाळीत त्या वासावरून मनोरमा नाक मुरडायची. चेण्यात नाक मुरडायला कुणी नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तो गेला तेव्हा अक्का पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. खाली बघतच म्हणाली, "दशरथा, रातीचं भ्या वाटतं रे हितं. एक कोपरा दे मला. सैपाकघरात पडून ऱ्हाईन."

दशरथ पत्र्याच्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, जागा नाही गं घरात. काम घरातच करतो मी. हॉल सगळा मॉडेलांनी भरलेला."

"व्हय व्हय. मी आपलं इचारलं."

आणि तिनं त्याच्या पिशवीत शेंगा भरल्या. मनोरमाला आवडतात म्हणून.

हॉल त्या दिवशी रिकामा होता. काम सगळं देऊन झालं होतं, लादी पुसून लख्ख केली होती. बसमध्ये परत येताना दशरथच्या डोळ्यांसमोर ती लादी येत राहिली.

*

लादी फार दिवस रिकामी राहिली नाही. थंडी पडायला लागली आणि नीरज आला. तरुण आर्किटेक्ट, इटलीत शिकून आलेला, दशरथला पांचाळकाका म्हणणारा. काखेत नकाशांच्या गुंडाळ्या, हातात फोटोंचा जाड लिफाफा.

"काका, मोठं काम आहे. मोंतेल्वारा म्हणून एक घराणं आहे तिकडचं. सरदार लोक. चार शहरांत चार राजवाडे. त्यांना चारही मॉडेलं हवीत, हातानं केलेली."

"राजवाडे म्हणजे डोंगरावर? तटबंदी वगैरे?"

"छे! भर शहरात. रस्त्याला लागून. आपण नवघर रोडला चालतो ना, तसं चालता चालता शेजारी राजवाडा."

दशरथनं फोटो जमिनीवर मांडले. जेनोवाचा काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांचा, अंगावर बारीक रेघांचं कापड घातल्यासारखा. फ्लॉरेन्सचा खडबडीत दगडांचा, भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या. रोमचा मधाच्या रंगाचा, कपाळावर टोपीसारखी रुंद कंगणी. आणि नेपल्सचा, विटकरी गिलाव्याचा. आतल्या चौकात उघडा दुहेरी जिना, पंख पसरून बसलेल्या घारीसारखा.

"कोण राहतं?" मनोरमानं चहा ठेवता ठेवता विचारलं.

"कोणी नाही, काकू. एकात बँक, एकात कॉलेज, एकात म्युझियम. नेपल्सचा तर कुलूपबंदच आहे. घराण्यात दोन म्हाताऱ्या उरल्यात, त्या फ्लॅटमध्ये राहतात."

"घ्या. एवढ्या खोल्या आणि माणसं फ्लॅटमध्ये," मनोरमा हसली.

दशरथचं बोट नेपल्सच्या फोटोवर थांबलं होतं. दोन उंच मजल्यांच्या मधे चौकोनी, बारक्या खिडक्यांची एक ओळ होती. मोठ्या खिडक्यांच्या मधे दबून बसलेली.

"हे काय? पोटमाळा?"

"मधला बुटका मजला. वर सरदार, खाली दिवाणखाना, आणि ह्या मधल्या मजल्यात नोकरचाकर. आणि गरीब नातेवाईक." नीरजनं बशीत चहा ओतला. "विधवा आत्या, नवऱ्यानं टाकलेल्या बहिणी. त्यांना टाकत नसत ते. उभं राहिलं तर डोकं लागायचं, पण खोली असायची प्रत्येकीला."

दशरथनं फोटो उचलला आणि लिफाफ्यात घातला. मग पुन्हा काढला, कारण काम तर करायचंच होतं.

*

तीन राजवाडे झाले, ते नीरज घेऊन गेला. नेपल्सचा शेवटी लागला. हा सगळ्यांत मोठा. प्लायवूडच्या पाटावर दिवाणाएवढी जागा खायचा. त्यासाठी दिवाणच उभा करून भिंतीला लावला आणि दोघं स्वयंपाकघरात झोपायला लागली. ओट्याखाली दशरथचे पाय, दाराशी मनोरमाचं डोकं. आडवं पडलं की दशरथच्या मनात यायचं, इथे तिसरं माणूस मावलं असतं. आरामात मावलं असतं. मनोरमा त्याच्याकडे पाठ करून पडलेली असायची. तिच्याही मनात तेच येत असेल का, हे त्यानं कधी विचारलं नाही.

ही मॉडेलं आतून पोकळ असतात. बाहेरच्या भिंती तेवढ्या खऱ्या. खिडकीमागं आतून काळा कागद चिकटवला की खोलीचा भास होतो. नेपल्सच्या बुटक्या मजल्यामागं काही नव्हतं. कागद आणि पोकळी.

छप्पर बसवायच्या सकाळी दशरथनं वडिलांची रीत पाळली. सीताराम पांचाळ कुठल्याही घरावर शेवटची फळी ठोकण्याआधी आत चिमूटभर अक्षता टाकायचे. घर रिकामं राहू नये म्हणून. त्या वेळी घरात कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना चालायचं नाही. नवं घर कान देऊन असतं, म्हणायचे. दशरथनं देवापुढच्या अक्षता घेतल्या आणि नेपल्सच्या सरदारांच्या राजवाड्यात मधोमध सोडल्या. मनोरमा साडीला फॉल लावत बसली होती. "ख्रिस्ताव लोकांचं घर ते," ती म्हणाली, "त्यांना कुंकू चालतं का?"

"घराला चालतं."

छपरासाठी बोर्ड कमी पडला. तो आणायला दशरथ क्रॉफर्ड मार्केटला गेला आणि दिवसभर राजवाडा उघडाच राहिला. संध्याकाळी आला तेव्हा मनोरमा गप्प होती. डोकं दुखतंय म्हणाली. बोर्ड कापायचा म्हणून तोही बोलला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या उर्मिलाबेनच्या फोनवर चेण्याहून निरोप आला. अक्का तापानं गेली होती. पत्र्याचं दार आतून लावलेलं नव्हतं.

*

सगळं उरकून आल्यावर दशरथनं छप्पर बसवलं. हात कामात असले की बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

पहिल्यांदा वास आला तो दुपारी. भाजक्या तंबाखूचा, करपट, गोडसर. तव्यावरून नुकता उतरवलेला. दशरथनं रंगाची कुंचली खाली ठेवली. खिडकीतून येतोय म्हणून खिडकी लावली. वास दाट झाला.

"मनोरमा, मशेरीचा वास येतोय?"

"नाही," ती आतून म्हणाली. फार पटकन म्हणाली.

थोड्या वेळानं उर्मिलाबेन दारात उभ्या. सेफ्टी डोअरच्या जाळीतून नाक आत घालत म्हणाल्या, "दशरथभाई, आप के घर में तमाखू कौन शेकता है? मेरे घर में पूजा है, सब बास आ गया."

"आमच्याकडे कोणी नाही, बेन."

"कोई तो है," त्या म्हणाल्या आणि गेल्या. वाईट हेतूनं नाही. नाकाला जे कळलं ते सांगून गेल्या.

मग काजळी दिसली. मागच्या बाजूला, बुटक्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीवर, विटकरी भिंतीला काळसर डाग. बोटाच्या टोकाएवढा, वर निमुळता होत गेलेला. चुलीचा धूर वर्षानुवर्षं एकाच खिडकीतून बाहेर पडला की भिंत अशी होते. चेण्यातल्या पत्र्याच्या खोलीची भिंतही अशीच होती. दशरथनं भिंग लावून बघितलं. काळ्या रंगाचा शिंतोडा असेल. कापसाला स्पिरिट लावून पुसला. कापूस काळा झाला आणि त्याला राखेचा वास आला.

दुसऱ्या दिवशी डाग परत तिथेच होता.

त्यानं पुन्हा पुसला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्यानं वरून विटकरी रंगाचा हात दिला, जाड. सकाळी रंग त्या जागी पोपडा होऊन खाली पडलेला, आणि पोपडा कुणीतरी झाडून पाटाच्या कडेला नीट लोटून ठेवलेला.

तेव्हापासून दशरथनं त्या भिंतीला हात लावला नाही. ओट्याखाली पाय घेऊन पडला की त्याला अक्काची पायरी दिसायची, खाली वाकलेली मान दिसायची, आणि आपलाच आवाज ऐकू यायचा: जागा नाही गं घरात. किती सहज म्हणालो आपण. बोर्डवर ब्लेड फिरवावं तसं.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. मनोरमा हॉलमधून जाताना डोक्यावर पदर घ्यायची. टँकरच्या रांगेत ती उघड्या डोक्यानं उभी राहायची, भाजीवाल्याशी उघड्या डोक्यानं भांडायची. चाळीत मात्र थोरल्या नणंदेसमोर तिनं कधी पदर खाली पडू दिला नव्हता. आता ती राजवाड्याच्या मागच्या बाजूनं जाताना तोच पदर घेत होती, आणि पलीकडे पोचली की सोडत होती. आपण काय करतोय हे तिला कळत असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

*

चेण्याहून चंपाबाई आली. अक्काच्या शेजारी राहायची, भाजी घेऊन भाईंदरच्या बाजारात यायची. डोक्यावरची पाटी दारात उतरवून तिनं आतून एक गाठोडं काढलं. दोन लुगडी, एक वाटी, मशेरीचा पत्र्याचा डबा.

"तुमच्या भयनीचं हाय. म्हनलं नेऊन द्यावं." चंपाबाई लादीवरच टेकली. समोरच्या राजवाड्याकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "बाय गो! यो काय, देव बसवाचाय का काय यात?"

"नाही, परदेशात जायचंय."

"कवरं मोटं घर." ती वाकून बघत राहिली. "ती पन बोलायची, माजे भावाचं मोटं घर हाय. शेवटचे येलेला तुमच्याकरून आली ना, त लय खुशीत व्हती. मी इचारलं, काय गो, काय झालं? त बोलली, माजे खोलीची सोय झाली."

दशरथला आधी कळलंच नाही. "आमच्याकडून? कधी?"

"जायचे दोन-तीन रोज आगोदर. बसनं आलती नव्हं का हितं?" चंपाबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग मनोरमाकडे बघितलं, आणि पाटी उचलली. "मी आपली आयकलेलं सांगतंय. न्हाय आली आसल त न्हाय."

ती गेल्यावर दशरथ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अक्का इथे आली होती?"

मनोरमाची सुई साडीच्या काठात होती. ती तिथेच राहिली.

"नाही."

"मग ती असं का म्हणाली?"

"तापात होत्या. काय सांगता येतं," असं म्हणून मनोरमानं सुई पलीकडून ओढून घेतली. दोरा तुटला.

*

त्या आठवड्यात एकदा दिवेलागणीला लाइट गेली. मीरा रोडला ती जायचीच. लोक बाहेर येऊन बसायचे, पोरं ओरडायची. मनोरमा मेणबत्ती आणायला वाण्याकडे गेली होती. दशरथ अंधारात हॉलमध्ये बसून होता.

राजवाडा काळा ढीग होऊन समोर पडला होता. बाहेरच्या उजेडाची फिकट कड छपराला होती. बाकी काही दिसत नव्हतं.

मग एक खिडकी दिसली.

बुटक्या मजल्यावरची, कोपऱ्यातली. पिवळट. चिमणी नीट न पुसलेल्या कंदिलाचा असतो तसा उजेड, मधेच वर होणारा, मधेच बसणारा. काळा कागद त्यानं स्वतः चिकटवला होता. आत दिवा नव्हता, वायर नव्हती.

तो उठला नाही. श्वाससुद्धा त्यानं हळू घेतला, जसा झोपलेल्या माणसाशेजारी घेतात.

उजेडासमोरून कुणीतरी गेलं. खिडकी क्षणभर विझली आणि परत लागली.

पुन्हा गेलं. आता वाकून. डोकं लागू नये म्हणून वाकतात तसं.

"अक्का," तो म्हणाला.

उजेड स्थिर झाला. आत जे कोणी होतं ते उभं राहून ऐकत असावं.

बाहेर लाइट आली. पोरांनी आरोळी ठोकली. ट्यूब दोनदा लुकलुकून लागली आणि समोर पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. खिडकीत काळा कागद होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, त्यानं छपराच्या कडेत ब्लेड घातली. छप्पर उचलून दिवाणाला टेकवलं आणि टॉर्च घेऊन आत बघितलं.

पोकळी. भिंतींच्या उघड्या पाठी, फेविकॉलचे वाळलेले ओघळ, पेन्सिलीच्या खुणा. कोपऱ्यातल्या खिडकीमागं काळा कागद जसाच्या तसा.

त्याला हायसं वाटलं. आणि लगेच, हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

मग अक्षता दिसल्या.

त्यानं त्या मधोमध सोडल्या होत्या. आता मधे एकही नव्हती. सगळ्या त्या खिडकीखालच्या कोपऱ्यात होत्या. लोटलेल्या नव्हत्या; ठेवलेल्या होत्या. एका बाजूला अख्खे दाणे, एका बाजूला तुटलेले. निवडून.

त्यांच्या पुढ्यात एक दाणा वेगळा होता. पांढरा, फुगलेला. दशरथनं चिमट्यानं उचलून तळव्यावर घेतला आणि अंगठ्यानं दाबला.

तो मऊ होता. शिजलेला होता.

आणि कोमट होता.

*

ठरल्या दिवशी सकाळी नीरज टेम्पो घेऊन आला. बरोबर दोन हमाल, लाकडी खोका, भुसा.

"काका, आज पॅक, उद्या बंदर. बाकीचे तिन्ही तिकडे पोचले. म्हाताऱ्या बायका वाट बघतायत. आता ह्याच्यावरच सगळं अडलंय."

दशरथ राजवाड्यासमोर उभा होता. छप्पर त्यानं पुन्हा बसवलं होतं, पण आधी कोपऱ्यातल्या अक्षतांवर त्यानं मूठभर नवे तांदूळ सोडले होते. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"हा नाही देत मी, नीरजसाहेब."

नीरज हसला. मग हसायचा थांबला. "म्हणजे? फिनिशिंग राहिलंय का? मागं तो डाग दिसतोय, तो टचअप…"

"डाग नाही तो. दुसरा करून देतो. नवा. फुकट करतो, रात्रंदिवस बसतो. पण हा ह्या घरातून जाणार नाही."

"काका, अहो, करार आहे. माझं नाव जाईल, तुमचं नाव जाईल. परत कुणी काम देणार नाही तुम्हाला. एका मॉडेलसाठी?"

"जाऊ दे."

नीरजनं मनोरमाकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, डोक्यावर पदर.

"काकू, तुम्ही तरी सांगा. मी बाहेर चहा घेतो हमालांबरोबर. दहा मिनिटं." तो दार ओढून घेऊन गेला.

घरात टेम्पोच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. मग तोही बंद झाला.

"मी वेडा झालोय असं वाटतंय ना तुला?" दशरथ म्हणाला. "वाटू दे. पण एकदा मी तिला जागा नाही म्हणालो. चेण्यात, तिच्या पायरीवर. हॉल रिकामा होता तेव्हा. तुला कधी सांगितलं नाही. आता ती आपली आपण आलीय, आणि मी तिला खोक्यात भरून, भुसा घालून समुद्रापलीकडे पाठवू? दुसऱ्यांदा बाहेर काढू?"

चौकट सोडून मनोरमा पुढं आली आणि लादीवर बसली, राजवाड्याच्या मागच्या बाजूला, खिडकीपासून वीतभर अंतरावर.

"आपली आपण नाही आल्या त्या," ती म्हणाली.

दशरथ तिच्यासमोर खाली बसला.

"तुम्ही मार्केटला गेलात त्या दिवशी वन्सं आल्या होत्या. पिशवी घेऊन. बस स्टॉपवरून उन्हातून चालत आल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाल्या, मनू, भावाला नको सांगू, मी तुलाच इचारते, एक कोपरा देतीस का. आणि मला… मला ती वळकटी दिसली हो, ती मशेरी, ते रोज डोक्यावर पदर घेणं. पुन्हा सगळं तेच. मी चिडले. हे उघडंच होतं समोर. मी म्हटलं, एवढा राजवाडा बांधतायत तुमचे भाऊ, त्यातली घ्या की एखादी खोली."

बाहेर हमाल कशावरून तरी हसले.

"मला वाटलं रागावतील. रडतील. त्या रडल्या नाहीत. पिशवी खाली ठेवली, गुडघे धरून इथे बसल्या, मी बसलेय तिथेच. एकेक खिडकी बघत गेल्या. मोठ्या खिडक्यांना हात नाही लावला. मग ह्या इथे बोट ठेवलं आणि वर बघून म्हणाल्या, 'ही दे. हितं कुनाला माजी अडचन न्हाय व्हायची.'"

मनोरमानं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आणि मी म्हटलं, 'दिली.'"